झेरॉक्सवाल्याचा देवमाणूस

उस्मानपुऱ्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात सोमनाथ नोकरीला होता. नेमणुकीच्या आदेशात त्याचं पद कनिष्ठ लिपिक असं लिहिलेलं होतं. पण तो स्वतःची ओळख 'सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' अशी करून द्यायचा, आणि समोरच्यानं "म्हणजे नेमकं काय?" असं विचारलंच, तर त्याच्याकडं फार दयेनं बघायचा. गाव अजिंठ्याच्या अलीकडचं. वडील कडुबा, घरची शेती बऱ्यापैकी, कपाशी आणि मका. सोमनाथ डिप्लोमा करून शहरात आला, चिकटला, आणि बघता बघता तिशीच्या पुढं सरकला. लग्न तेवढं राहिलं.

मुलाला शेती पाहिजे, पण मुलगा शेतात जाणारा नको, अशी हल्ली मुलीकडच्यांची अट असते. सोमनाथ या अटीत इतका चपखल बसायचा, की ती त्याच्या अंगावर माप घेऊनच शिवली असावी. तरी कुठं जमत नव्हतं, कारण पाहण्याच्या कार्यक्रमात पोहे संपले की तो मुलीला विचारायचा, "ऑपरेटिंग सिस्टीम कोणती वापरता?" मुलगी आईकडं बघायची, आई मध्यस्थाकडं बघायची, आणि आठवडाभरात पत्रिका जुळत नसल्याचा निरोप यायचा.

या प्रश्नामागं त्याचं एक मोठं प्रेमप्रकरण होतं, ते लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमशी. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांना एकदा कुणीतरी सांगितलं की कॉम्प्युटरवरच्या सिस्टीमचे परवाने विकत घ्यावे लागतील. नानांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सोमनाथ पुढं झाला आणि म्हणाला, "नाना, लिनक्स टाकू. मुक्त सॉफ्टवेअर आहे. जगातल्या माणसांनी माणसांसाठी बनवलेलं." नानांनी त्यातलं 'पैसे लागत नाहीत' एवढंच ऐकलं आणि मान हलवली. त्या दिवसापासून कार्यालयातला प्रत्येक कॉम्प्युटर स्वतंत्र झाला आणि प्रत्येक माणूस सोमनाथच्या ताब्यात गेला.

बाकी सगळं तसं ठीक चाललं. माणसं नव्या खिडक्यांना, नव्या बटणांना सरावली. नडला तो प्रिंटर. गल्लीसारख्या अरुंद पॅसेजमध्ये एका टेबलावर तो मोठा प्रिंटर ठेवलेला होता आणि सगळ्या टेबलांवरून नेटवर्कनं त्याच्यावर छापता यावं, अशी योजना होती. पहिल्या दिवशी छापलं. नानांनी स्वतः एक पान काढून बघितलं आणि सोमनाथची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटर कुणालाच सापडेना. म्हणजे डोळ्यांना दिसत होता, कॉम्प्युटरला दिसत नव्हता.

सोमनाथनं मग काय नाही केलं? प्रिंटर काढून परत टाकला. ड्रायव्हर बदलला. छपाईची तुंबलेली रांग साफ केली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा लिहून मान तिरकी करून बसला. कधी दुपारी अचानक प्रिंटर जागा व्हायचा आणि या शहरात नळाला पाणी आल्यावर जशी धावपळ होते तशी कार्यालयात व्हायची. जो तो आपली फाइल घेऊन पळायचा. सकाळी पुन्हा कोरडं. कुणी तक्रार केली तर सोमनाथ शांतपणे सांगायचा, "लिनक्समध्ये प्रॉब्लेम नसतो. प्रॉब्लेम तुमच्या सवयीत असतो." हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकवलं की लोकांनी तक्रार करायचं सोडून दिलं. तक्रारी बंद झाल्या याचा अर्थ सोमनाथनं प्रिंटर चालू झाला असा घेतला.

आणि गंमत बघा, या माणसाचं नाव जगभर होतं. लिनक्सवाल्यांच्या एका चर्चामंडळावर तो रोज लोकांच्या अडचणी सोडवायचा. ब्राझीलमधल्या कुणा बाईचा प्रिंटर याच्या सल्ल्यानं चालू झाला होता आणि तिनं याला फुलांचं चित्र पाठवलं होतं. ते चित्र तो सुलेखाताईंना दाखवायला गेला. सुलेखाताई म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या आस्थापनेच्या बाई. मनानं चांगल्या, तोंडानं मोकळ्या. त्या म्हणाल्या, "चांगलंय की. मग माझं एवढं पत्र ब्राझीलहून काढून आणता का?"

ताईंनी ते पत्र शेवटी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलं. सगळ्यांचंच तसं होतं. फाइल मोबाइलवर घ्यायची, जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा, हनुमानच्या दुकानात जाऊन प्रिंट काढायची आणि चहा पिऊन परत यायचं. पॅसेजमधल्या प्रिंटरला खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळायची. नुसतंच दर्शनाला ठेवलेलं यंत्र होतं ते.

हनुमानचं दुकान हे खरं तर बंद पडायच्या बेतात आलेलं होतं. लोक मोबाइलवरच कागद दाखवतात, झेरॉक्स कोण काढतो? तो दुकान मोडून गावाकडं जायच्या तयारीत होता, तेवढ्यात समोरच्या कार्यालयात लिनक्स आलं. गिऱ्हाईक वाढलं. हनुमाननं दुसरं मशीन घेतलं, दुकानाला नवा बोर्ड केला, पोरीला चांगल्या शाळेत घातलं. सोमनाथ रस्त्यावरून जाताना दिसला की तो काउंटरमागून उठून उभा राहायचा. सोमनाथला वाटायचं, आपल्या विद्येचा मान आहे.

अशात कारभारीमामांचं येणं झालं.

मोनिका नावाची मुलगी होती. मुकुंदवाडीला भावाकडं राहायची, एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनवर कामाला होती. वडील नव्हते, त्यामुळं स्थळं बघायची जबाबदारी मामांनी, म्हणजे कारभारींनी, अंगावर घेतलेली. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि कुणावरही विश्वास न ठेवायचा स्वभाव. मुलाची चौकशी त्याच्या ऑफिसात कधी करायची नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ऑफिसात सगळे चांगलंच सांगतात. जमणारं लग्न मोडल्याचं पाप कुणाला हवं असतं? खरी चौकशी करायची ती समोरच्या दुकानात, गिऱ्हाईक होऊन. आणि एकदा नाही, दोनदा करायची. एकदा मुलगी दाखवायच्या आधी आणि एकदा सुपारी फोडायच्या आधी.

तर मामा एक दिवस हनुमानच्या दुकानात आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "समोरच्या हापिसात कोनी सोमनाथ हाय म्हनं. कसाय पोरगा?"

हनुमानचा चेहरा खुलला. "सोमनाथभाऊ? अहो, देवमाणूस! एक नंबर आदमी. त्यांच्यामुळं माझं घर चालतंय, खोटं नाय सांगत. सकाळपासून त्यांचीच मानसं माझ्याकडं असतेत. असा मानूस दिवा घेऊन हुडकला तरी घावायचा नाय."

"व्यसन वगैरे?"

"काय बोलता राव! दिवसभर त्या कॉम्प्युटरम्होरं बसून असतो. लिनक्स सोडून काय नाद नाय."

लिनक्स हा काय प्रकार आहे हे मामांना कळलं नाही, पण नाद वाईट असता तर दुकानदारानं इतक्या आनंदानं सांगितलं नसतं, असा त्यांनी हिशेब केला. दुसऱ्याचं घर चालवणारा मुलगा आपलंही चालवील, असं म्हणून त्यांनी कडुबांना फोन लावला.

पाहण्याचा कार्यक्रम मुकुंदवाडीला, स्टेशनच्या मागच्या अंगाला मोनिकाच्या भावाच्या घरी झाला. कडुबांनी मोटारसायकलवरून उतरतानाच बजावलं होतं, "ते शिष्टीमचं काय विचारू नको. निस्ते पोहे खा." सोमनाथनं पोहे खाल्ले. मग दोघांना बाल्कनीत पाठवलं गेलं. तिथं वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधोमध उभं राहून मोनिकानंच विचारलं,

"तुम्ही कॉम्प्युटरचं बघता ना? आमच्या दवाखान्यातला प्रिंटर सारखा बंद पडतो. दुरुस्तीवाला येतो, चालू करतो, मोठमोठं बोलतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पेशंट माझ्यावर ओरडतात. तुमच्याकडं पण असं होतं का?"

सोमनाथनं छाती पुढं काढली. "आमच्याकडं लिनक्स आहे. तसा काही प्रॉब्लेम नाही."

"बरंय बाई तुमचं," ती म्हणाली. तिनं ते अगदी मनापासून म्हटलं आणि तिच्या डोळ्यांत त्याच्याविषयी थोडासा आदर दिसला. आजवर कुठल्याच मुलीनं त्याच्याकडं असं बघितलं नव्हतं. सोमनाथला मनातून उकळ्या फुटल्या. मोटारसायकलवरून परत येताना त्याला जालना रोडवरचा एकही सिग्नल आठवत नव्हता. ही मुलगी आपल्याला हवी, हे त्याला कळलं होतं, आणि तिच्याशी आपण पहिलंच वाक्य खोटं बोललो, हेही.

दुसऱ्या दिवशी तो प्रथमच ब्राझीलकडं पाठ फिरवून स्वतःच्या प्रिंटरसमोर बसला. दिवसभर बसला आणि काही सापडलं नाही. संध्याकाळी निघायच्या वेळी तो नुसताच प्रिंटरकडं बघत पॅसेजमध्ये उभा होता, तेव्हा सखारामकाका आले. काका म्हणजे संस्थेचे सर्वांत जुने शिपाई. एकदा कधीतरी वायर जळाल्यापासून नानांचा दंडक होता की कार्यालय बंद करताना मेन स्विच पाडायचा. काका तो पाडायचे आणि देवासमोर जोडावेत तसे हात जोडायचे. वर्षानुवर्षं हे सोमनाथच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. आज खटका पडला, पॅसेजमधला राउटरचा हिरवा दिवा विझला आणि सोमनाथच्या डोक्यात उजेड पडला.

कार्यालयातला राउटर प्रत्येक यंत्राला एकेक पत्ता वाटायचा. पंगतीत जो आधी येईल त्यानं आधीचा पाट धरावा, तसा कारभार. रोज संध्याकाळी काका ती पंगत उठवायचे आणि रोज सकाळी ती नव्यानं बसायची. प्रिंटर जुना, त्याला जागं व्हायला वेळ लागायचा. तोवर लोकांच्या खिशातल्या मोबाइलांनी पाट अडवलेले असायचे. कॉम्प्युटर बिचारे सोमनाथनं पहिल्या दिवशी लिहून दिलेल्या पत्त्यावरच कागद पाठवत राहायचे, आणि त्या पत्त्यावर सुलेखाताईंचा मोबाइल बसलेला असायचा. खरं तर लिनक्स हल्ली प्रिंटर आपलाआपण हुडकून काढतं. पण ती सोय सोमनाथनंच बंद करून ठेवली होती. जे आपोआप होतं ते अडाण्यांसाठी, असं त्याचं मत होतं. पत्ता त्यानं हातानं लिहिला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

सकाळी त्यानं राउटरमध्ये प्रिंटरच्या नावानं एक पत्ता राखून ठेवला. या पाटावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, एवढंच. चहा निवायच्या आत काम संपलं. त्या दिवशी छापलं, दुसऱ्या दिवशी छापलं, काकांनी स्विच पाडला, हात जोडले, तरी तिसऱ्या दिवशी छापलं.

सोमनाथला इतका आनंद झाला की त्यानं मोनिकाला मेसेज केला, "प्रिंटरचा कायमचा बंदोबस्त केला."

तिचं उत्तर आलं, "पण तुमच्याकडं तर प्रॉब्लेमच नव्हता ना?"

आयुष्यात फार थोड्या वेळा माणसाला असं कोंडीत पकडलं जातं. सोमनाथच्या हातून त्याच्या जन्मातलं सगळ्यांत शहाणं वाक्य लिहिलं गेलं. "होता. सांगायची लाज वाटली. तुमच्यामुळं दुरुस्त केला."

तिनं हसरं तोंड पाठवलं आणि खाली लिहिलं, "मग आता आमचा पण बघायला या." इथंच गोष्ट संपली असती तर हे लग्न झालं असतं आणि मी मुंडावळ्या बांधलेल्या सोमनाथची थट्टा करून मोकळा झालो असतो.

पण इकडं रस्त्याच्या पलीकडं हनुमानच्या दुकानात चिटपाखरू फिरकेना. आधी त्याला वाटलं संस्थेला सुट्टी असेल. मग सुलेखाताई भाजी घ्यायला जाताना दिसल्या तेव्हा त्यानं विचारलं, "ताई, येणं बंद केलं?" ताई म्हणाल्या, "अहो, आमचा प्रिंटर चालू झाला! सोमनाथनंच केला." नव्या मशीनचा हप्ता आणि पोरीची शाळा हनुमानच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. त्या दुपारी सोमनाथ रस्त्यानं गेला तेव्हा हनुमान काउंटरमागं बसूनच राहिला आणि त्यानं मान दुसरीकडं फिरवली. सोमनाथचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कारभारीमामा दुसऱ्या चौकशीला आले. या खेपेला रेशन कार्डाची झेरॉक्स. मशीनचा उजेड फिरत असताना मामांनी हसत हसत विषय काढला, "मग, तुमचा देवमानूस काय म्हनतोय?"

"नाव काढू नका त्याचं," हनुमान म्हणाला. "वरून गोड बोलतो आन मागून पाय वढतो. दुसऱ्याच्या पोटावर पाय देनारी जात हाय ती. मीच येडा, देवमानूस समजत होतो."

"आवो, पन मागच्या खेपंला तर तुमी..."

"मागच्या खेपंला मला म्हाईत नव्हतं. आता कळलं. अजून काय इचारू नका."

मामांनी झेरॉक्सची घडी केली, खिशात घातली आणि थेट भाचीचं घर गाठलं. काय केलं असेल त्या मुलानं, याचा अंदाज बांधायला त्यांना मोकळं रान मिळालं होतं. शिकलेल्या मुलाबद्दल माणूस जितकं वाईट कल्पू शकतो तितकं त्यांनी मुकुंदवाडीला पोचेपर्यंत कल्पून घेतलं.

संध्याकाळी कडुबांचा फोन आला. "सोम्या, त्या झेरॉक्सवाल्याचं काय घोडं मारलं रं तू? मामा म्हनतेत थांबा. सुपारी थांबा, समदं थांबा. तुही माय रडायलीय इथं. मोसंबीवाल्याच्या पोराचं झालं, दूधवाल्याच्या पोराचं झालं, आमच्याच पोराला काय धाड भरली, म्हनती."

सोमनाथ जिना उतरून रस्ता ओलांडून हनुमानसमोर जाऊन उभा राहिला. भांडायच्या तयारीनंच गेला होता. पण हनुमाननं भांडण केलंच नाही. त्यानं बंद मशीनवरची प्लॅस्टिकची चादर नीट करत सांगितलं, "भाऊ, तुमी तुमचा प्रिंटर नीट केला, तुमचं काय चुकलं? पन माझं काय चुकलं ते सांगा. तुमच्या भरोशावर दुकान वाढवलं. आधी म्हनला असता, हनुमान, मी नीट करनार हाय, तर मी वाढवलं नसतं." प्रिंटर बंद होता हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त आपणच ते मानत नव्हतो, आणि समोरचा माणूस आपल्या विद्येसाठी नव्हे तर आपल्या अपयशासाठी उठून उभा राहत होता, हे त्याला त्या घटकेला कळलं. ते त्याला फार झोंबलं. पण लग्न त्याहून मोठं होतं.

मग काउंटरच्या अलीकडून आणि पलीकडून एक करार झाला. प्रिंटर पुन्हा हरवेल. हनुमान मामांना फोन करून सांगेल की त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं, रागात बोलून गेलो. आणि पुन्हा कुणी विचारायला आलं तर काय म्हणायचं, तेही सोमनाथनं त्याच्याकडून घोकून घेतलं. "देवमाणूस म्हणा. पण 'त्यांच्यामुळं माझं घर चालतंय' हे म्हणू नका. 'सगळ्यांना मदत करतो' असं म्हणा. छातीवर हात ठेवून म्हणा." हनुमाननं छातीवर हात ठेवून म्हणून दाखवलं.

सकाळी सोमनाथनं राउटरमधला तो राखीव पाट काढून टाकला. पुढच्या दिवशी प्रिंटर नेहमीसारखा गायब. त्याला वाटलं आता कल्ला होईल, लोक येतील, विचारतील. कुणी एका शब्दानं विचारलं नाही. सुलेखाताईंनी बटण दाबलं, पॅसेजकडं बघितलं, "गेला वाटतं," म्हणाल्या आणि मोबाइल घेऊन जिना उतरल्या. त्यांच्यामागं बाकीचे उतरले. सोमनाथ इतका दुखावला की त्या दिवशी त्यानं ब्राझीललाही उत्तर दिलं नाही.

हनुमाननं शब्द पाळला, मामांना फोन केला. मामा आणखीच गोंधळले. आधी देव, मग राक्षस, परत देव. असा मुलगा त्यांच्या अनुभवात बसत नव्हता. ते म्हणाले, विचार करून सांगतो.

मामांचा विचार चालू असतानाच एका दुपारी मोनिका कार्यालयाचा जिना चढून आली. तिची साप्ताहिक सुट्टी होती. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, जिना चढल्यानं थोडा दम लागलेला. सोमनाथ खुर्चीतून असा उठला की खुर्ची मागं पडली.

"घाबरू नका," ती हसून म्हणाली. "मामा एकदा चांगलं ऐकून येतात, एकदा वाईट ऐकून येतात. मी म्हटलं, दुकानदारांना कशाला विचारायचं? आपणच जाऊ. मला तर तुम्ही त्या दिवशी खरं सांगितलंत, तेवढंच पुरे होतं." मग तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि आवाज जरा खाली आणला. "एक काम होतं. रजेचा अर्ज टाईप केलाय, दवाखान्यात द्यायचाय. तुळशीच्या लग्नानंतरची रजा. कारणाच्या जागी साखरपुडा लिहिलंय. मामांना मी आज रात्री सांगणारच आहे. एवढी प्रिंट काढून देता?"

तिनं फाइल पाठवली. सोमनाथनं ती उघडली. 'माझा साखरपुडा असल्याकारणाने' हे शब्द पडद्यावर दिसले आणि त्यानं सवयीनं बटण दाबलं. पॅसेजमध्ये शांतता. पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ आली, की प्रिंटर सापडत नाही, कागद रांगेत थांबला आहे.

"दोन मिनिटं," सोमनाथ म्हणाला.

दोन मिनिटं तरी कशाला? प्रिंटरचा आजचा पत्ता बघून तो लिहिला की झालं. बोटं कळफलकावर गेली आणि तिथंच अडकली. शेजारी सुलेखाताई बसल्या होत्या, सखारामकाका पाणी भरत होते. आत्ता सगळ्यांदेखत एका क्षणात प्रिंटर चालू झाला, तर ताई लगेच विचारणार, एवढंच होतं तर इतके दिवस आम्हाला उन्हात का पळवलं? आणि मोनिकाच्या समोर या प्रश्नाला काय उत्तर देणार? तो पडद्याकडं बघत राहिला. काळी खिडकी उघडली, मिटली. उगाच काहीतरी टाईप केलं, पुसलं.

"तुम्ही तर कायमचा बंदोबस्त केला होता ना?" मोनिकानं विचारलं. आवाजात अजून विश्वास होता.

"केला होता."

"मग?"

"लिनक्सचा प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. "अपडेट आलं ना, त्यात बिघडलं."

आयुष्यात ज्या एका गोष्टीवर त्यानं खरं प्रेम केलं होतं, तिच्यावर त्यानं सरळ आळ घेतला. लिनक्सनं ते निमूट ऐकून घेतलं. सुलेखाताईंना मात्र त्या पोरीची दया आली.

"अगं, कशाला थांबतेस?" त्या म्हणाल्या. "समोर जा हनुमानकडं. इथं कुणीच काढत नाही. मध्ये थोडे दिवस चालला होता, पण आमचं नशीब कुठलं एवढं. ही बघ, मीपण तिकडंच निघालेय."

मोनिकानं एकदा ताईंकडं आणि एकदा सोमनाथकडं बघितलं. ताईंच्या मागोमाग जिना उतरून गेली.

सोमनाथ खिडकीशी गेला. खाली दुकानात त्याच्याच कार्यालयातली माणसं मोबाइल हातात धरून उभी होती. ताईंनी मोनिकाला पुढं सरकवलं आणि हनुमानच्या कानाशी काहीतरी सांगितलं, बहुधा कोण आहे ते. हनुमान ताडकन उठून उभा राहिला. त्यानं वर कार्यालयाकडं हात केला, मग तोच हात छातीवर ठेवला आणि बोलायला लागला. एवढ्या लांबून एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण सोमनाथला सगळं पाठ होतं. देवमाणूस आहे. सगळ्यांना मदत करतो. त्याचे ओठ हनुमानबरोबर हलत होते. हनुमान बेईमान नव्हता. शिकवलेलं सगळं म्हटल्यावर त्यानं भावनेच्या भरात पदरचंही एक वाक्य, तेच घर चालण्याचं, जोडलं असावं, कारण बोलता बोलता त्यानं उभ्या असलेल्या रांगेकडं हात फिरवला, नव्या मशीनकडं दाखवलं आणि दोन्ही हात जोडले.

मोनिकानं त्या रांगेकडं बघितलं. मशीनकडं बघितलं. मग मान वर करून खिडकीकडं बघितलं. सोमनाथनं चटकन मागं सरायला हवं होतं, पण तो तिथंच राहिला. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला, हनुमानला काहीतरी म्हणाली आणि प्रिंट न काढताच मुकुंदवाडीच्या रिक्षात बसली.

आपण काय गमावलं हे सोमनाथला रिक्षा वळायच्या आत कळलं. तो टेबलाशी आला, प्रिंटरचा आजचा पत्ता बघितला, लिहिला आणि बटण दाबलं. पॅसेजमध्ये घरघर झाली, वाळलेली झेंडूची माळ हलली आणि एक कागद सरसरत बाहेर आला. रजेचा अर्ज. छपाई अगदी स्वच्छ होती, एक अक्षर पुसट नव्हतं.

तो कागद हातात घेऊन उभा असतानाच सुलेखाताई आपली पत्रं घेऊन परतल्या आणि घरघर ऐकून पॅसेजमध्येच थबकल्या.

"अगं बाई, झाला का चालू?" त्या म्हणाल्या. "मग ती होती तेव्हाच नाही का करायचा!"